एका पानाचा अभिप्राय

४ जानेवारी २०१६
नवी वही. दोनशे पानी. ही फक्त माझ्यासाठी, त्यामुळे खोटं लिहायचं काही कारण नाही.
सद्यःस्थिती: वय त्रेपन्न. विस्तार अधिकारी, शिक्षण. डहाणूला बदली होऊन सात महिने झाले, तलासरीचा जादा कार्यभारही माझ्याकडेच. घर सांगलीला. शैला सांगलीला, तिची बँकही सांगलीला. मी डहाणू शहराला लागून सरावलीत, घरमालकीण दक्षाबेनच्या घरामागच्या खोलीत. खोली उत्तम. खिडकीतून चिकूचं झाड दिसतं. शांतता भरपूर.
संकल्प: (१) रोज सकाळी समुद्रावर चालणे. (२) गुजराती शिकणे. (३) भजी बंद. (४) शैलाला दिवसाआड फोन. स्वतःहून.
आज वरच्या कार्यालयाचं पत्र. चिखले, सरावली आणि तलासरीकडचा मोहपाडा, या तीन ठिकाणच्या सातवीपर्यंतच्या शाळांना जूनपासून आठवीचा वर्ग जोडता येईल काय, स्थानिकांचं मत घेऊन एक पानी अभिप्राय पंधरा दिवसांत द्यावा.
तीनदा वाचलं. शब्द साधे आहेत, पण मला दोन ओळींमधलं वाचता येतं. समुद्र, शहर, डोंगर. त्यांना तीन वर्ग नकोच आहेत. त्यांना हवी आहे एक शाळा. एकच सार्वजनिक माध्यमिक शाळा, तीन परिसरांची! उघड लिहिता येत नाही, म्हणून असं लिहिलंय. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. म्हणून तर पत्र माझ्या टेबलावर आलं.

५ जानेवारी
समुद्रावर गेलो नाही. थंडी होती.
नाव सुचलं: त्रिवेणी माध्यमिक विद्यालय. नविनभाईंना सांगितलं. नविनभाई आमचे वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दोन वर्षं. ते म्हणाले, साहेब, एक पान मागितलंय, तुम्ही सांगा, मी जेवणाच्या सुट्टीआधी टाइप करून देतो. मी त्यांना व्हिजन समजावून सांगितलं. साडेबारापर्यंत. मग ते जेवायला गेले.
तळमळ समजायला वेळ लागतो लोकांना.

१२ जानेवारी, चिखले
पहिली लोकसहभाग बैठक. उपस्थिती चौदा. पैकी सहा जण शाळेच्या ओट्यावर आधीपासूनच बसलेले होते, तेही धरले.
कल्पना मांडली. चिखल्यात विज्ञान, समोर समुद्र असल्यामुळे. सरावलीत भाषा आणि वाणिज्य. मोहपाड्यात गणित, कारण डोंगरावर मन एकाग्र होतं. मुलं दर दोन दिवसांनी परिसर बदलतील. एका आजोबांनी विचारलं, म्हणजे आमच्या पोरांनी गणिताला डोंगरावर जायचं? मी म्हणालो, अगदी बरोबर. त्यांना वाटलं मी गंमत करतोय, ते हसले. सगळेच हसले. खेळीमेळीचं वातावरण.
येताना बोर्डीच्या रस्त्याला भजी खाल्ली. बैठकीच्या दिवशी चालेल, असा संकल्पात बदल.

१५ जानेवारी
प्रवासाची चाचणी स्वतः घेतली. चिखल्याहून रिक्षा, डहाणू रोडवरून एसटी, तलासरीहून जीप, शेवटचे दोन किलोमीटर पायी. सकाळी सातला निघालो, मोहपाड्यात पोचलो अकरा वाजून दहा मिनिटांनी.
नोंद: मुलांना वेळेचं नियोजन आपोआप शिकायला मिळेल.
मोहपाड्याच्या शाळेत जिजाबाई भेटल्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. वय पस्तिशीचं, भाताची शेती थोडी, बाकी मजुरी. कमी बोलतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि घडी घातलेला एक कागद दिला. आठवीचा वर्ग इथंच सुरू करावा, सर्वात जवळचं हायस्कूल अकरा किलोमीटर, मुली सातवीनंतर घरी बसतात. खाली एकतीस सह्या नि अंगठे.
फार हृद्य. आराखड्याला परिशिष्ट म्हणून लावणार. परिशिष्ट ग.
सातवीतली एक मुलगी दारात उभी होती. शुक्री. डोळे तल्लख. काही विचारायचंय का म्हटलं. तिने विचारलं, आठवी कधी?
प्रश्न चांगला. थोडा संकुचित.

१९ जानेवारी
आज पंधरा दिवस पूर्ण. अभिप्राय अर्थातच गेला नाही. एवढं मोठं काम पंधरा दिवसांत होत नसतं, हे त्यांनाही माहीत असणार. मुदत ही औपचारिकता.
शैलाला फोन. नऊ मिनिटं. पैकी सात मी त्रिवेणीबद्दल बोललो. ती म्हणाली, छान. तिला अभिमान वाटतो, बोलून दाखवत नाही इतकंच.

३ फेब्रुवारी
तिन्ही गावांत सूचनापेट्या लावल्या होत्या. आज उघडल्या.
चिखले: एक एसटीचं तिकीट. एक चिठ्ठी, "शाळेमागचा नळ गळतो."
मोहपाडा: पेटीत मुंग्या.
सरावली: लग्नपत्रिका! वरती पाहुण्याच्या नावाची जागा कोरी, खाली "सहकुटुंब सहपरिवार यावे". याला म्हणतात समाजाशी नाळ जुळणं. आठ महिन्यांत पहिलं निमंत्रण.

७ फेब्रुवारी
लग्नाला गेलो. इस्त्रीचा शर्ट. वरपक्षाला वाटलं मी वधूकडचा, वधूपक्षाला वाटलं वराकडचा. दोन्हीकडून आग्रह झाला. जिलेबी पाच. कोणीतरी विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, शिक्षण. ते म्हणाले, अच्छा अच्छा, आणि ताटात भात वाढला.
दक्षाबेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेब, ती पत्रिका कोणाच्या तरी हातातून पडली असेल, पोरांनी पेटीत टाकली. व्यवहारी बाई. भावना कळत नाहीत.

१० फेब्रुवारी
वरच्या कार्यालयाचं स्मरणपत्र. ठळक अक्षरात. त्यांची उत्सुकता वाढत चालली आहे. फाइल केलं.
आराखडा सध्या एकेचाळीस पानं.

१६ मार्च, मोहपाडा
इथली तिसरी बैठक. उपस्थिती पाच. मागच्या वेळीही पाच होते, पण वेगळे. त्याआधीही पाच, तेही वेगळे. आधी वाईट वाटलं. मग परतीच्या जीपमध्ये लक्षात आलं, ही रोटेशन पद्धत आहे! प्रत्येक घराला प्रतिनिधित्व. कोणी शिकवलं नाही यांना, उपजत लोकशाही. परिच्छेद ७.३ मध्ये घातलं.
शिवाय हे लोक तास तास बसतात. चहा देतात, काळा, गूळ घातलेला. माझं बोलणं संपलं तरी उठत नाहीत. मी उठल्यावरच उठतात. सांगलीत माझं एवढं कधी कोणी ऐकलेलं नाही.
संकल्प: मोहपाड्याला महिन्यातून दोनदा जाणे.

२८ एप्रिल
जूनपासून सुरू होणाऱ्या आठवीच्या वर्गांची यादी आली. आमची तीन नावं त्यात नाहीत. "अभिप्राय अप्राप्त" असं पुढं लिहिलंय. नविनभाईंनी यादी माझ्यापुढे ठेवली. तसेच उभे राहिले.
मी म्हणालो, नविनभाई, छोट्या यादीत मोठी गोष्ट मावत नाही.
ते म्हणाले, साहेब, पोरांचं एक वरीस जाईल.
मी म्हणालो, पण शाळा शंभर वर्षांची होईल.
वाक्य चांगलं जमलं. आराखड्याच्या पहिल्या पानावर टाकलं.

२० जून
शाळा सुरू. मोहपाड्याला भेट. गुरुजी म्हणाले, सातवी पास झालेली अकरा मुलं, पैकी तीन मुलगे वसतिगृहात गेले, बाकीचे घरी. शुक्री मात्र रोज येते. सातवीच्याच वर्गात मागे बसते. पटावर नाव नाही, पण मी हाकलत नाही, असं म्हणाले.
तिच्या वहीत डोकावलो. मागच्या वर्षीची गणितं परत सोडवत होती. सगळी बरोबर.
मी तिला त्रिवेणीबद्दल सांगितलं. तीन परिसर, फिरते शिक्षक, प्रयोगशाळेतून दिसणारा समुद्र. तिने विचारलं, या वर्षी?
म्हणालो, लवकरच.

१४ जुलै
शैलाचा फोन. तिने स्वतः केला! बदल्यांचे अर्ज निघालेत, सांगली जिल्ह्यात जागा आहे, पती-पत्नी एकत्रीकरणात तुझं काम होईल, मी फॉर्म आणून ठेवलाय, ये आणि सही कर, असं म्हणाली. तेवीस तारखेची मुदत.
तिला समजावलं की या टप्प्यावर मला इथून हलवलं तर दोन तालुक्यांचं नुकसान होईल. लोक माझ्यावर अवलंबून आहेत. ती म्हणाली, लोक म्हणजे कोण? मी म्हणालो, समाज.
चार मिनिटं.

२३ जुलै
आज सही करायला गेलो नाही. मनाची घालमेल अजिबात नाही. भजी खाल्ली.
आवणीमुळे मोहपाड्यातली बैठक रद्द करावी असा निरोप आला होता. तरीही गेलो. लोक चिखलात वाकून रोपं लावत होते. पाच जण बांधावर येऊन बसले, पाय धुऊन. मी दीड तास बोललो. पाऊस होता, छत्री त्यांनीच धरली.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. मला शुभेच्छा: नविनभाई (तोंडी), मोबाइल कंपनी (मेसेज).
आराखडा सत्त्याऐंशी पानं. पॉवरपॉइंट बावन्न स्लाइड. दक्षाबेन आणि त्यांच्या सासूबाईंना ओसरीवर पहिल्या वीस दाखवल्या. सासूबाईंना समुद्राचं चित्र आवडलं.
गुजरातीची प्रगती: "केम छो" येतं. उत्तर आलं की पुढचं येत नाही.

३१ ऑक्टोबर, सांगली
दिवाळीला घरी. शैलाला उरलेल्या बत्तीस स्लाइड दाखवायला बसलो. नवव्या स्लाइडला ती म्हणाली, मुकुंद, यात मुलं कुठं आहेत? मी म्हणालो, स्लाइड एकोणपन्नास. ती करंज्या तळायला उठली. तेल तापलं होतं, हे खरं.
बाकी दिवाळी छान. घरात माझ्या टेबलाच्या जागी आता शिलाई मशीन आहे. सोयीचं आहे तिला.

९ डिसेंबर
आराखडा पूर्ण! एकशे बारा पानं, परिशिष्टं क ते ज. स्पायरल बाइंडिंग, वर निळा प्लास्टिक कागद. स्वतः जाऊन दिला वरच्या कार्यालयात. साहेब नवीन आहेत, ऑगस्टमध्ये आलेले. त्यांनी वजन हातात घेऊन बघितलं. मला विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, आपल्या चार जानेवारीच्या पत्राचं उत्तर. त्यांनी पत्र मागवलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत पत्राकडे बघितलं. मग म्हणाले, ठेवून जा.
ठेवून जा! म्हणजे ठेवण्याजोगा आहे.

२ जानेवारी २०१७
वर्ष झालं. संकल्पांचा आढावा पुढच्या आठवड्यात.
वरून उत्तर नाही. अभ्यास चालू असणार.
शैलाला फोन केला. कट केला तिने, मग मेसेज: मीटिंगमध्ये. रविवार नव्हता, खरंय.

१४ जानेवारी, संक्रांत
सुट्टी. दक्षाबेनची मंडळी वापीला, नातलगांकडे पतंग उडवायला. घर रिकामं. सकाळी नऊपर्यंत खोली दोनदा झाडली. मग वाटलं मोहपाड्याला जावं. बैठक ठरलेली नव्हती, पण तिथं माझी माणसं आहेत.
साडेबाराला पोचलो. शाळेला कुलूप. ओटा रिकामा. पाड्यात कोणी नाही म्हणायला कोणी नाही. बरीचशी घरं बंद, वीटभट्टीवर गेलेली. जिजाबाई अंगणात नागली पाखडत होत्या. मला बघून त्यांचं सूप थांबलं.
आज कसे काय, म्हणाल्या.
मी म्हणालो, सहज. मंडळी कुठं?
त्या म्हणाल्या, आज कोनाची पाळी नाय ना.
मला कळलं नाही. कसली पाळी?
मग त्यांनी सांगितलं. रागानं नाही, अगदी सरळ सांगितलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण विसरायला सोपे आहेत: "साहेब, तुमी एवढ्या लांबून एकले येत. बोलत बसत. ऐकाया कोन नसला तर मानसाला कसा वाटंल? मंग आमी ठरवला, दर वेळेला पाच घरांनी बसायचा. ज्याची पाळी तो मजुरीला जात नसे."
मी विचारलं, आणि योजना? तिचं काय वाटलं तुम्हाला?
त्या म्हणाल्या, ती आमाला नाय समजली. आमी आठवी मागितलेली. तो कागद दिलेला ना तुमाला. तो कुठं हाय?
परिशिष्ट ग, पान अठ्ठ्याण्णव, असं उत्तर तोंडावर आलं होतं. दिलं नाही.
शुक्रीचं विचारलं. दिवाळीपर्यंत येत होती शाळेत, मग आई म्हणाली, नाव नाही तर जातेस कशाला. आता गुजरातेत, उमरगावला मावशीकडे. मावशी कंपनीत जाते, शुक्री तिचं बाळ सांभाळते.
जिजाबाईंनी भाकरी वाढली. समोर बसून राहिल्या, मी खाऊन होईपर्यंत. म्हणालो, तुम्ही कामाला लागा, मी बसतो. त्या म्हणाल्या, असू दे.

१५ जानेवारी
खोलीतच.
पाच घरं, अठरा बैठका. प्रत्येक वेळी पाच माणसांची एका दिवसाची मजुरी. गुणाकार केला नाही.

१६ जानेवारी
दहाला कार्यालयात. नविनभाईंना म्हणालो, एक पान टाइप करायचंय. ते काहीही न विचारता बसले. मी सांगत गेलो: मोहपाड्यात सातवीत तेरा मुलं, मागची आठ घरी बसलेली. खोली उपलब्ध. सर्वात जवळचं हायस्कूल अकरा किलोमीटर. स्थानिकांची मागणी सोबत जोडली आहे. वर्ग सुरू करणे आवश्यक. चिखले आणि सरावलीचे दोन दोन परिच्छेद. खाली सही.
चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा प्रिंटर अडकला म्हणून.
जेवणाच्या सुट्टीआधी झालं.
नविनभाईंनी पान मला दिलं आणि म्हणाले, साहेब, चला, आज आमच्या डब्यात उंधियु आहे.
जेवलो त्यांच्याबरोबर. दीड वर्षात पहिल्यांदा.

१७ जानेवारी
वरच्या कार्यालयात पान दिलं. साहेब फोनवर होते. बोलता बोलता वाचलं, कोपऱ्यात सही केली, ट्रेमध्ये टाकलं. दोन मिनिटंही नाहीत. जिजाबाईंच्या अर्जाची मूळ प्रत जोडायला हवी म्हणून माझा आराखडा शोधला. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावलेला होता. पान अठ्ठ्याण्णव सोडवून अभिप्रायाला जोडलं. बाकीचा परत तिथंच लावला.
शैलाला फोन. सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.   ती म्हणाली, जेवलास का?
म्हणालो, हो. ती म्हणाली, बदलीची मुदत मागच्या जुलैत गेली, यंदाचे निकष वेगळे आहेत, आता तीन वर्षं थांबावं लागेल. म्हणालो, माहीत आहे.

१९ जून
मोहपाड्यात आठवी सुरू झाली. सतरा मुलं. मागच्या वर्षीच्या आठांपैकी चार परत आली. मला बोलावणं नव्हतं, कामाच्या फाइलीतून कळलं. तरी गेलो. मागच्या भिंतीला उभा राहिलो. जिजाबाईंनी फळ्याला हळदकुंकू लावलं. भाषण कोणाचंच नव्हतं. शिक्षक नवा आहे, जवळच्याच उधवा गावचा, चांगला वाटला.
नंतर त्याला म्हटलं, शनिवारी मी गणित शिकवायला येऊ शकतो, मोकळाच असतो. तो म्हणाला, सर, गणित माझाच विषय आहे, पण कधी इकडे आलात तर या ना.
शुक्री नव्हती.

२ जुलै, रविवार
जिजाबाईंकडून कळलं होतं, शुक्री दोन दिवस घरी आलीय, रविवारी दुपारी गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडवरून उमरगावची गाडी धरेल. अकरापासून चेकपोस्टजवळ उभा होतो. ट्रकची रांग, धूळ नि पाऊस आळीपाळीनं. एका ढाब्याच्या पत्र्याखाली थांबलो.
दीडला आली. उंच झालीय. कडेवर मावशीचं मूल, हातात पिशवी. मला ओळखलं. म्हणाली, शाळेचे साहेब.
काय सांगायचं ते रात्रीच ठरवलं होतं. चूक माझी होती, एक पान लिहायचं होतं, मी लिहिलं नाही, तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. चारच वाक्यं. त्याऐवजी मी म्हणालो, आठवी सुरू झाली तुमच्याकडे.
ती म्हणाली, हां, जिजाकाकीनं सांगितला.
म्हणालो, परत ये. नाव घालून देतो, मी स्वतः गुरुजींशी बोलतो.
तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणाली, ह्याला कोन बघंल? मावशीला पाळी असते कंपनीत, दिवसाची, रातची. हा चालाया लागला का बघू.
किती महिन्यांचा आहे विचारलं. दहा.
 मला वाटलं आता ती चार वाक्यं म्हणावीत. पहिलं वाक्य सुरूही केलं. तेवढ्यात उमरगावची इको व्हॅन आली, आतून हाका सुरू झाल्या, ती पळाली. मूल मांडीवर घेऊन दारापाशी बसली. गाडी लगेच सुटली नाही, माणसं भरायची होती. ती आतून माझ्याकडे बघत होती. मी हात केला.
तिने विचारलं, साहेब, तुमी कुठं जाणार?
म्हणालो, डहाणूला.
ती म्हणाली, मंग इथं कशाला उभे? ही गुजरातकडची बाजू. तिकडची गाडी रस्त्याच्या पल्याड लागते.
बरोबर होतं. ट्रक थांबल्यावर पलीकडे गेलो.